नळी तीच राहू द्या, माउंट बदला

प्रश्न: घोडबंदर रोडला आमची बावीस मजली इमारत आहे आणि सेक्रेटरींकडे मागितली की गच्चीची चावी मिळते. मुलगा आठवीत असताना त्याच्यासाठी एक दुर्बीण घेतली होती. भिंगाची, ८० मिमी व्यासाची, फोकल लेंग्थ ४०० मिमी, खाली साधा हाताने फिरवायचा ट्रायपॉड. शनीची कडी, गुरूचे चंद्र पाहून झाले, मुलगा क्रिकेटकडे वळला आणि दुर्बीण माझ्याकडे आली. मी तिला माझा २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर जोडला. मृग नक्षत्रातला तेजोमेघ दोन सेकंदांच्या एक्सपोजरने घेतला, तर तारे रेघा झाले आणि मागचं आकाश मातकट केशरी आलं. तेजस्वी ताऱ्यांभोवती जांभळं वलयही दिसतं. सोबत फोटो पाठवते आहे. यंदा बोनस मिळालाय. १०२ मिमीची, ७१४ मिमी फोकल लेंग्थची ट्रिपलेट अपोक्रोमॅट घ्यावी असं मनात आहे. दुकानदार म्हणतो, त्याऐवजी गो-टूवाला ऑल्ट-अझिमथ माउंट घ्या, तारे आपोआप शोधतो. यजमान म्हणतात, ठाण्यात राहून हे होणारच नाही, पैसे पाण्यात जातील. आमच्या गच्चीवर उत्तरेला लिफ्टच्या मशीनरूमची भिंत येते, त्यामुळे ध्रुवतारा दिसत नाही. काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर: ताई, आधी थेट उत्तरं देतो. ट्रिपलेट (तीन काचांची, रंगदोष जवळजवळ नसलेली नळी) आत्ता घेऊ नका. दुकानदाराचा माउंट (नळी पेलणारा आणि फिरवणारा भाग) तोही नको. यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, ते पुढे सांगतो.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. फोकस बरा जमलाय. रेघा आल्यात त्या आकाश सरकल्यामुळे. अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला, आणि आकाश सेकंदाला साधारण १५ विकला सरकतं. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७ मायक्रॉनच्या आसपास असणार. ४०० मिमीच्या नळीला जोडल्यावर एक पिक्सेल आकाशाचा १.९ विकलांचा तुकडा पाहतो. म्हणजे जागच्या जागी उभ्या ट्रायपॉडवर तारा दर सेकंदाला जवळजवळ आठ पिक्सेल पळतो. दोन सेकंदांत सोळा. तुमच्या फोटोतली रेघ तेवढीच आहे. आता हाच हिशेब ७१४ मिमीच्या ट्रिपलेटला लावून बघा: सेकंदाला चौदा पिक्सेल. बोनस खर्चून रेघा लांब करून घ्यायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

या छंदात नवीन माणूस भिंगाच्या व्यासाकडे बघतो, कारण जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरांत असतो. फोटोचा भार मात्र सगळा माउंटवर असतो. तुम्हाला हवा तो विषुववृत्तीय माउंट, ज्याला सगळे ईक्यू म्हणतात. त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावायचा आणि मोटरने तो २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या गतीने फिरवायचा, की तारा पिक्सेलवर खिळून राहतो. विकत घेताना एक लक्षात ठेवा: माहितीपत्रकात लिहिलेली वजन पेलायची क्षमता डोळ्याने बघण्यासाठी असते. फोटोसाठी तिच्या निम्मीच धरा. तुमची नळी, कॅमेरा आणि सटरफटर मिळून दोन-अडीच किलोंच्या घरात जाईल. तेव्हा पाच किलो पेलणारा स्टार ट्रॅकरही (एकाच अक्षावर फिरणारा छोटा ईक्यू) चालेल. पुढे वजनदार नळी घ्यायचा खरंच बेत असेल तर आत्ताच एक पायरी वरचा ईक्यू घ्या, नाहीतर माउंटवर दोनदा पैसे जातात. जुना चांगल्या स्थितीतला मिळाला तर निःसंकोच घ्या. माउंट भिंगासारखा बुरशीने जात नाही, आणि दोन्ही अक्ष हाताने फिरवून पाहिले की ढिलाई कळते.

दुकानदाराच्या गो-टूबद्दल. तो तारा शोधतो, धरूनही ठेवतो, बघायला उत्तम. पण वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशाच दोन दिशांनी फिरत असल्यामुळे मध्यावरचा तारा स्थिर राहतो आणि बाकीचं चित्र त्याच्याभोवती हळूहळू गोल फिरतं. हे फिरणं विषुववृत्ताच्या जवळ जास्त जाणवतं आणि ठाणं १९ अंशांवर आहे. मृगाचा तेजोमेघ आपल्याकडे दक्षिणेला सुमारे ६५ अंश उंच येतो. त्या वेळी हा वेग तासाला ३४ अंशांपर्यंत जातो. तीस सेकंदांच्या एका फोटोत कोपऱ्यातला तारा अठरा पिक्सेल घसरतो. तोच तेजोमेघ पूर्वेला तीस अंशांवर असताना वेग तासाला पाच अंशांवर येतो, घसरण तीन पिक्सेलांच्या आत. म्हणून कुणाकडे असा माउंट आधीच असेल तर त्याने पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या मध्यम उंचीवरच्या वस्तू धराव्यात, एक्सपोजर छोटी ठेवावीत आणि माथ्यावरच्या वस्तूंच्या नादी लागू नये. तुमच्याकडे नाहीये, तर मुद्दाम घ्यायचं कारण नाही.

आता जांभळं वलय. तुमची नळी अ‍ॅक्रोमॅट आहे, म्हणजे दोन साध्या काचांची जोडी. अशा जोडीत ६५६ नॅनोमीटरचा तांबडा आणि ४८६ नॅनोमीटरचा निळसर हिरवा हे दोन रंग एकाच जागी फोकस होतील अशी आखणी केलेली असते. त्याहून अलीकडचा जांभळा प्रकाश मात्र बिचारा बाहेर राहतो आणि ताऱ्याभोवती पसरतो. एफ/५ (फोकल लेंग्थ भागिले व्यास) सारख्या आखूड नळीत हे ठळक दिसतं. आणि इथेच तुमच्या स्वस्त नळीला एक गंमतशीर फायदा मिळतो. तेजोमेघांचा मुख्य प्रकाश हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरला आणि ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरला येतो. नेमक्या या दोन पट्ट्या सोडून बाकी सगळं अडवणारा ड्युअल-नॅरोबँड फिल्टर लावला, तर जांभळा प्रकाश सेन्सरपर्यंत पोचतच नाही, आणि जे दोन रंग उरतात ते तुमच्या भिंगाला बऱ्यापैकी एकत्र आणता येतात. ज्या दोषासाठी लोक अ‍ॅक्रोमॅट टाकून देतात तो अशा फोटोत जवळपास दिसत नाही. फिल्टर न लावता तारकागुच्छ घ्यायचे असतील तेव्हा जाड काळ्या कार्डपेपरला ६० मिमीचं गोल भोक पाडून भिंगापुढे बसवा. नळी एफ/६.७ होते, वलय कमी होतं. प्रकाश ४४ टक्के जातो, तो वेळ वाढवून भरून काढायचा.

ट्रिपलेट वाईट वस्तू आहे असं मुळीच नाही. पण तिच्यातून तुमच्या कॅमेऱ्याला आकाशाचा १.८ बाय १.२ अंशांचा तुकडा दिसेल. तुमच्या नळीतून दिसतो ३.२ बाय २.१ अंशांचा. देवयानी दीर्घिका तीन अंश लांब आहे, ययातीतला कॅलिफोर्निया तेजोमेघ अडीच अंशांचा. हे दोन्ही ट्रिपलेटमध्ये मावणार नाहीत. शिवाय एफ/५ वरून एफ/७ वर गेलात की पसरट तेजोमेघाचा दर पिक्सेलला पडणारा प्रकाश निम्मा होतो. पुढे कधी नळी बदलावीशी वाटलीच, तर ६० ते ७२ मिमीची ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या) काचेची छोटी नळी आणि तिला साजेसा फील्ड फ्लॅटनर (चित्राच्या कडेचे तारेही नीट फोकस करणारं जोडभिंग) बघा. फ्लॅटनर आणि सेन्सर यांच्यातलं अंतर बहुतेक वेळा ५५ मिमी ठेवावं लागतं, ते अडॅप्टर घेताना विचारून घ्या. लहान वलयाकार तेजोमेघ, दूरच्या बारक्या दीर्घिका हे आखूड नळ्यांचं कामच नाही. तिथे आरशाच्या दुर्बिणी लागतात. तो वेगळा संसार.

यजमानांकडे येऊ. आकाश किती काळं आहे हे सांगायला बोर्टल मोजपट्टी वापरतात, १ ते ९ अशी. अमेरिकी हौशी निरीक्षक जॉन बोर्टल यांनी ती २००१ मध्ये मांडली. ठाणं तिच्यावर ८-९ मध्ये बसतं. माळशेजच्या बाजूला आकाश आपल्यापेक्षा तीन प्रतींनी (प्रत म्हणजे तेजाचं माप) काळं आहे असं धरून चाला. तीन प्रती म्हणजे सोळा पट. दीर्घिकेसारख्या, सगळे रंग मिसळलेल्या प्रकाशाच्या वस्तूची तिकडे एका तासात जी सफाई मिळते, तिच्यासाठी तुमच्या गच्चीवर सोळा तास लागतील. कृत्तिकांभोवतीची निळी धूसर चादर, देवयानीचे बाहेरचे बाहू, धूलिमेघ या बाबतीत यजमान बरोबर आहेत. ते गच्चीवरून मागू नका.

पूर्वी रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे असत. त्यांचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला, तेवढाच कापणारे फिल्टर मिळत आणि ते काम करत. आता सगळीकडे पांढरे एलईडी आहेत, त्यांचा प्रकाश निळ्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला. त्यामुळे ‘लाइट पोल्युशन फिल्टर’ नावाने मिळणारे जुन्या पद्धतीचे फिल्टर आज घेण्यात फारसा अर्थ नाही. ड्युअल-नॅरोबँड टिकतो, कारण तो जाऊ देतो ती पट्टीच काही नॅनोमीटरची असते. एलईडीचा त्यातून येणारा वाटा नगण्य, तेजोमेघाचा जवळजवळ पूर्ण. म्हणून यजमानांचं उरलेलं अर्धं चुकतं. उत्सर्जन करणारे तेजोमेघ ठाण्यातून निघतात, चांगले निघतात, चंद्र असतानाही निघतात.

अडचण तुमच्या डीएसएलआरची आहे. सेन्सरसमोर कंपनीने बसवलेली काच हायड्रोजनचा तो तांबडा प्रकाश पाव भागच आत सोडते. मृगाचा तेजोमेघ इतका तेजस्वी आहे आणि त्यात ऑक्सिजनही इतका आहे की तो तरीही येईल. एकशृंगी तारकासमूहातला रोझेट मात्र या कॅमेऱ्याने गच्चीवरून रडवेल. दोन वाटा आहेत: ती काच काढून घेणं (जुना, दुसरा डीएसएलआर असेल तर, घरातल्या लग्नमुंजींच्या फोटोंचा कॅमेरा उघडू नका) किंवा यथावकाश खगोल छायाचित्रणाचा रंगीत, थंड होणारा कॅमेरा. आपल्याकडे थंड होणाऱ्या कॅमेऱ्याचं मोल जास्त. सेन्सरचा उष्णतेचा गोंगाट दर सहाएक अंशांना दुप्पट होतो, आणि मे महिन्यात आपल्या गच्चीचा स्लॅब रात्री बारालाही गरम असतो. पण हा खर्च दुसऱ्या वर्षाचा. पहिल्या वर्षी माउंट आणि फिल्टर, एवढंच.

ध्रुवताऱ्याचं तुमचं दुखणं ठाण्या-मुंबईत बहुतेकांचं आहे. तो आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर. समोर एक इमारत उभी राहिली की संपलं, आणि दिसला तरी धुरकटात. दिसला म्हणून काम भागतं असंही नाही, कारण खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून थोडा अधिक बाजूला आहे. गच्चीवर मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका; स्लॅबमधल्या लोखंडाने आणि पाण्याच्या पंपाने तो सर्रास चुकतो. सोपा उपाय लॅपटॉपवर आहे. नीना नावाचा फुकट प्रोग्राम आणि त्यातलं थ्री-पॉइंट पोलर अलाइनमेंट. आकाशाच्या कुठल्याही मोकळ्या भागाचे, माउंट थोडा थोडा फिरवत, तीन फोटो घ्यायचे. फोटोतल्या ताऱ्यांच्या मांडणीवरून प्रोग्राम अक्ष किती आणि कुठे चुकलाय ते सांगतो, मग स्क्रू फिरवून आकडा कमी करत आणायचा. ध्रुवतारा दिसायची गरजच पडत नाही. लॅपटॉप नकोसा वाटला तर जुनी ड्रिफ्टची पद्धत आहे, दक्षिणेचा एक आणि पूर्वेचा एक तारा धरून त्यांचं सरकणं बघत बसायची. जमते, पण वेळ खाते. एकदा अक्ष नीट लागला की ट्रायपॉडचे तिन्ही पाय कुठे टेकलेत तिथे ऑइलपेंटने ठिपके काढून ठेवा. सेक्रेटरींना आधी सांगून.

गच्चीवर आणखी दोन गोष्टी बघा. पंप चालू झाला की स्लॅब थरथरतो, आणि तेवढे फोटो बाद होतात. पाणी चढवायची वेळ वॉचमनला विचारून ठेवा. आणि शेजारच्या टॉवरचा फ्लडलाइट थेट भिंगावर येत असेल तर चार्ट पेपरची लांब कॉलर लावा, तीच दवालाही थोडी अडवेल.

आता प्रत्यक्ष रात्र. उजळ आकाशाखाली पाच-पाच मिनिटांच्या एक्सपोजरचा हट्ट नको. फिल्टरशिवाय तीस सेकंद, फिल्टर लावून साठ ते एकशेवीस, आयएसओ ८०० पासून सुरुवात. कॅमेऱ्याच्या मागच्या हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर आला की बास. मृगाच्या तेजोमेघाला पाच सेकंदांचे वेगळे फोटोही घ्या, नाहीतर मधल्या ट्रॅपेझियमच्या चार ताऱ्यांभोवतीचा भाग पांढरा जळून जातो. मग हे शेकडो फोटो एकावर एक रचायचे. गर्दीच्या लोकलमध्ये समोरच्याचं बोलणं एकदा ऐकून कळत नाही. तेच वाक्य तो पुन्हापुन्हा म्हणाला की गोंगाट तेवढाच असूनही शब्द लागतात. रचण्यात हेच होतं. मात्र सफाई वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: चौपट फोटो, दुप्पट सफाई. म्हणून एका रात्री पाच वस्तू टिपण्यापेक्षा पाच रात्री एकच वस्तू टिपा. हे नव्या माणसाला पटत नाही, कारण पहिल्या रात्री सगळं आकाश घरी न्यावंसं वाटतं. तुम्ही पहिल्या हिवाळ्यात फक्त मृगाचा तेजोमेघ घेतलात तरी पुष्कळ झालं.

दर दहाएक फोटोंनंतर नळी किंचित, पाच-पंधरा पिक्सेलभर सरकवा. सेन्सरवरचे तापलेले ठिपके मग एकाच जागी साचत नाहीत. आवरताना भिंगावर झाकण लावून त्याच आयएसओला, त्याच वेळेचे वीस-तीस डार्क (काळे फोटो) घ्या, सेन्सर त्याच तापमानाला असताना. आणि फ्लॅट (एकसारख्या पांढऱ्या उजेडाचे फोटो) चुकवू नका. शहरात आकाशच उजळ, त्यामुळे चित्राच्या कडा काळवंडणं आणि सेन्सरवरची धूळ गावातल्यापेक्षा जास्त उठून दिसते. नळीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणून बांधा, वर टॅबचा पांढरा स्क्रीन धरा, फोकस आणि कॅमेऱ्याची स्थिती न हलवता वीस-पंचवीस फोटो घ्या. बस्स. फोकससाठी बाहतिनोव मास्क वापरा. रशियन हौशी छायाचित्रकार पाव्हेल बाहतिनोव यांनी २००५ मध्ये काढलेली ही जाळी. तिच्यातून तारा तीन रेघांचा दिसतो आणि मधली रेघ बरोबर मध्यावर आली की फोकस लागला. प्लॅस्टिकची मिळते. डीएसएलआरच्या वजनाने फोकसर खाली झुकतो, तेव्हा लॉकचा स्क्रू आवळून मग पुन्हा एकदा तपासा.

रचायला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल, आकाशाचा एका बाजूचा उजेड काढायला ग्रॅक्सपर्ट. तिन्ही फुकट. शिकायला दोन-चार रविवार जातील.

वर्षाचं गणित आपल्याकडे पाऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर दुकान बंद. धनु-वृश्चिकेचा आकाशगंगेचा गाभा रात्रभर दिसतो तो नेमका याच महिन्यांत, त्यामुळे तो एप्रिल-मेमध्ये पहाटे गाठायचा. ऑक्टोबरात संध्याकाळी हंस डोक्याजवळ असतो. त्यातला नॉर्थ अमेरिका तेजोमेघ फिल्टरला मस्त साथ देतो, आणि पावसाने धुतलेली हवा स्वच्छही असते. डिसेंबर ते फेब्रुवारी मृग आणि रोझेट. थंडीत धूर-धूळ खाली साचते, म्हणून वस्तू ४५ अंशांच्या वर असतानाच घ्या. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी पाहायला विसरू नका. ३.९ प्रतीचा गोलाकार तारकागुच्छ, पूर्ण चंद्राएवढा पसरलेला, आपल्याकडे २३ अंशांपर्यंत चढतो. लंडनमध्ये तो उगवतच नाही. परदेशी व्हिडिओंतल्या यादीत म्हणूनच तो सापडत नाही, आणि आपले लोक त्या याद्यांवर चालतात. अमावस्या भिंतीवरच्या कॅलेंडरात बघताच. फक्त लक्ष्मीपूजनाची अमावस्या सोडून द्या. वर्षातली एवढी छान काळोखी रात्र फटाक्यांच्या धुरात जाते, इलाज नाही.

देवयानी आणि कृत्तिका यांच्यासाठी बाहेर पडावं लागेल. येऊर जवळ आहे म्हणून तिकडे जाऊ नका. रात्री राष्ट्रीय उद्यानात प्रवेश नाही, बिबट्यांचा वावर आहे, आणि दोन्ही बाजूंच्या शहरांचा उजेड तिथे पोचतोच. वांगणी कर्जत लोकलच्या वाटेवर, बदलापूरच्या पुढे. खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम तिथे वर्षानुवर्षं होत आले आहेत. बदलापूर वाढत चालल्याने आकाश पूर्वीचं राहिलेलं नाही, पण गच्चीपेक्षा कितीतरी बरं, आणि सोबत चार जाणकार असतात हे पहिल्या वेळी फार उपयोगी पडतं. गाडी असेल तर मुरबाडच्या पुढे, शहापूरच्या आतल्या बाजूला, किंवा जव्हार. एकट्या जाऊ नका, ओळखीच्या शेतावर किंवा फार्महाउसवर जा, पोलीस पाटलांना कळवून ठेवा. रात्री नळी रोखून बसलेली माणसं पाहून गावकऱ्यांना शंका येणं साहजिक आहे. दव भरपूर पडतं, यूएसबीवर चालणारी गरम पट्टी भिंगाभोवती बांधा. कधी सुटी काढून नागपूरकडे गेलात तर पेंच व्याघ्र प्रकल्प आहे, २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून त्याला मान्यता मिळाली.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक पर्याय सांगायला हवा, कारण कुणीतरी सुचवणारच. सीस्टार एस५० सारख्या स्मार्ट दुर्बिणी. ५० मिमीचं भिंग, २५० मिमी फोकल लेंग्थ, आत कॅमेरा आणि ड्युअल-बँड फिल्टर बसवलेलाच. गच्चीवर ठेवा, मोबाइलवर बोट लावा, दहा मिनिटांत तेजोमेघ दिसायला लागतो. दृश्यक्षेत्र छोटं, सव्वा अंश बाय पाऊण अंशाच्या आसपास. जुनी मंडळी नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्याला फोटो हवा आहे त्याने ती खुशाल घ्यावी. पण तुम्ही टी-रिंग (कॅमेरा नळीला जोडणारी कडी) शोधून कॅमेरा स्वतः जोडलात, फोकस स्वतः लावलात, पत्रात फोकल लेंग्थ न विसरता लिहिलीत. तुम्हाला खटपट आवडते असं दिसतं. म्हणून माझा कौल ईक्यू माउंटला. मुलाला परत गच्चीवर आणायचं असेल तर मात्र मोबाइलवाली दुर्बीण जास्त काम करेल.

काहीही घेतलंत तरी पावसाळ्याआधी एक करा. दुर्बीण तिच्या फोम लावलेल्या बॅगेत ठेवू नका. फोम ओल धरतो आणि भिंगावर बुरशी येते. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. जेल रंग बदललं की वाळवायचं, स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नाही, कारण निळ्या जेलमधला कोबाल्ट पोटात जाण्यासारखा नसतो. आणि भिंगात पांढरे धागे दिसलेच, तर स्वतः स्क्रू काढून पुसायला बसू नका. दोन काचांमधलं अंतर किंवा त्यांची दिशा बदलली की फोकस कायमचा बिघडतो; अशी नळी ऑप्टिक्सचं काम करणाऱ्याकडेच द्या.